खर्डा फाट्याचा चढ

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळी साडेनऊ.
स्थळ: नगर, आमच्या घराची माडीवरची मागची खोली.
हजर: मी. बायको. सासरे, खर्ड्याहून आलेले, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहावा दिवस, काळा चष्मा. शेजारचे काका, मूळचे बेलापूरचे, बोलावलेलं नव्हतं.
फोनवर हजर: मेहुणा, खर्ड्याहून, स्पीकर चालू.
विषय: खर्ड्याला रेल्वे नेणे.

ही नोंद वहीत आहे तशी उतरवली. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. तिथे जो बोल्ट वहीत नाही तो जगातच नाही असं धरून चालावं लागतं, आणि ती सवय माझ्याबरोबर घरी येते. बायको सगळ्यांना सांगते की मी बोहल्यावर हातात यादी घेऊन उभा होतो. हे खोटं आहे. यादी खिशात होती.

विषय वाचून कोणी निवेदन घेऊन येऊ नये. ही रेल्वे प्लायवूडवरची आहे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, वितीएवढी इंजिनं, बोटभर रुंदीचे रूळ. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून सांगितलं की एखादा छंद लावून घ्या. मी छंदांची यादी केली. बाग: पाणी चार दिवसांनी येतं. बासरी: शेजारी काका आहेत. पहाटे चालणं: कॉलनीत कुत्री आहेत. शेवटी ज्या छंदाला सुट्या भागांची यादी लागते असा एकच उरला.

पहिल्या टप्प्यात आठ बाय चारच्या दोन प्लायवूड शीट काटकोनात जोडल्या, त्यावर नगर स्टेशन आणि एक मोठा वळसा. दुसऱ्या टप्प्यात बेलापूर, मालगाडी बाजूला घ्यायला जादा रूळ आणि दोन सांधे. वापरून वाळवलेल्या चहापुडीची जमीन केली, खराट्याच्या काड्यांचा ऊस लावला. तुपाच्या डब्याचा साखर कारखाना मला करायचा नव्हता, पण आमच्या जिल्ह्यात बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी "कारखाना कुठाय?" असंच विचारतो. एका चुलतभावाने कारखान्याच्या चेअरमनचं नावही विचारलं. अजून निवडणूक झालेली नाही असं सांगून वेळ मारून नेली.

बेलापूरचं प्रकरण काकांमुळे लांबलं. खरं बेलापूर स्टेशन श्रीरामपुरात आहे. नाव एका गावाचं, फलाट दुसऱ्या गावात. काकांच्या मते हा त्यांच्या गावावरचा सगळ्यात जुना अन्याय आहे आणि तो निदान माझ्या माडीवर तरी दूर व्हायला हवा. त्यांनी तीन वेळा येऊन स्टेशन दोन इंच सरकवायला लावलं. तिसऱ्या वेळी मी ते मूळच्या जागी ठेवलं आणि ते म्हणाले, "आता बरोबर गावात आलं."

तिसरा टप्पा म्हणजे खर्डा फाटा. तो बायकोच्या आग्रहावरून पहिल्या दिवसापासून यादीत होता. तिचं माहेर जामखेड तालुक्यातलं खर्डा. गावात किल्ला आहे, बाजार आहे, पण रेल्वे नाही. रूळ बघायचा तर अजूनही एसटीने दुसऱ्या गावाला जावं लागतं. टप्पा तीनची आखणी मी पहिल्याच वर्षी केली. पेन्सिलीने रेघ मारली, टाचण्या टोचल्या. पुढे सात वर्षं दर दिवाळीला सासरे विचारायचे, "पाव्हणं, आमच्या गावाला गाडी कवा?" आणि मी सांगायचो, "यंदा नक्की." सर्वेक्षण झालेलं होतं. बाकी काहीच नव्हतं.

सासऱ्यांना आखणी आणि टाचण्यांची सवय होती. त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या शेतात कोणी माणसं तिपाई घेऊन आली, दोन दिवस दुर्बिणीतून बघत बसली आणि खालच्या अंगाला एक घडीव दगड पुरून गेली. दगडावर इंग्रजी अक्षरं होती. गावात सांगितलं गेलं की सर्वे झाला, रेल्वे इथूनच जाणार. आमच्याकडे तिपाईवाला माणूस दिसला की तो सर्वेच असतो, आणि सर्वे असला की रेल्वेच असते. तेव्हापासून त्या दगडाभोवतीच्या दीड एकरात सासऱ्यांनी ज्वारी-उडीद घेतलं, पण झाड लावलं नाही, विहीर खोदली नाही, साधी गोठ्याची मेढ रोवली नाही. सरकारच्या कामात आपली आडकाठी नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लग्नानंतरच्या बावीस वर्षांत तो दगड कधी पाहिला नव्हता. जावयाला खर्ड्यात शेत दाखवत नाहीत. बाजेवर बसवतात आणि जेवू घालतात.

मेहुण्याला नेमका तोच तुकडा हवा होता. रानातलं सगळं पाणी तिथे उतरतं. शेततळं झालं तर त्याची सीताफळाची बाग उन्हाळ्यात टँकरशिवाय जगणार होती. मागच्या उन्हाळ्यात निम्मी झाडं वाळली. यंदा गावात पोकलेन आलं होतं आणि पुढच्या सोमवारी जामखेडला जाणार होतं. म्हणजे रविवारपर्यंत वडिलांचा होकार हवा, नाहीतर उरलेली बागही गेली.

ऑपरेशनसाठी सासऱ्यांना आमच्याकडे सोडताना त्याने मला जिन्यात गाठलं.

"दाजी, तुमी सांगा त्यांना. रेल्वे येत न्हाई म्हणावं."

"मीच का?"

"आमचं कुठं ऐकत्यात? जावयाला न्हाई म्हणायचे न्हाईत."

मी वहीत लिहिलं: मामांना सांगणे. पुढे कंसात: नीट.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी सासरे माडीवर आले, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले आणि नगर ते बेलापूर अशा चार फेऱ्या बघितल्या. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा मी भिंतीवर लावल्या होत्या, रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारीच. दोन्हींत गोंधळ होऊ नये म्हणून थेंब लाल शाईत.

वाटलं, हीच वेळ. म्हणालो, "मामा, तळ्याचं काय ठरवलंय?"

"तळ्याचं?"

"तो दगड... म्हणजे आता इतकी वर्षं झाली. मला वाटतं तिकडून रेल्वे काही..."

"तुमी आणलीय का खर्ड्याला?" त्यांनी प्लायवूडकडे हनुवटी दाखवली.

"नाही. तिसऱ्या टप्प्यात आहे."

"सात वर्सं झाली तिसऱ्या टप्प्याला. त्ये मोठं सरकार हाय, त्येंना त्रेचाळीस लागली तर बिघडलं कुठं?" मग मुलीला हाक मारून, फोन लावायला लावून त्यांनी मेहुण्याला ऐकवलं, "जावयबापूंनी खर्ड्याला गाडी आणली की मी तळ्याला हो म्हणतो. न्हाई आणली तर दगडाला कुनी हात लावायचा न्हाई." त्यांना ही थट्टा वाटत होती. मेहुण्याला ती अट वाटली. त्याने ती संध्याकाळपर्यंत गावभर केली, आणि सासऱ्यांचा शब्द गावात गेला की तो शब्दच असतो.

अशा रीतीने सात वर्षं रखडलेल्या मार्गाला पाच दिवसांची मुदत मिळाली.

अडचण जागेची होती. खर्डा स्टेशन बसणार होतं कोपऱ्यातल्या लाकडी पेटाऱ्यावर, ज्यात गोधड्या आहेत. पेटारा प्लायवूडपेक्षा चार इंच उंच. मधे जागा पाच फूट. साठ इंचांत चार इंच, म्हणजे पंधराला एक चढ. माझ्या इंजिनाला तीसला एक जेमतेम झेपतो. सोपा उपाय असा की रूळ भिंतीच्या कडेने फिरवून दहा फूट लांब करायचा. पण त्या भिंतीशी बायकोचं शिवणयंत्र आहे.

मी भूसंपादनाचा विषय रीतसर काढला. यंत्र खालच्या खोलीत, खिडकीजवळ, उजेड जास्त, असा पुनर्वसनाचा प्रस्तावही ठेवला.

"तुमच्या रेल्वेने मला काय मिळणार?" बायको म्हणाली.

"तुझ्याच माहेरी चाललीय."

"माहेरी मी एसटीने जाते. यंत्र हलणार नाही."

बाधित व्यक्तीची हरकत नोंदवून मी पंधराला एकचा चढ घेतला. बुधवार-गुरुवार कामावरून आल्यावर लाकडी ठोकळे कापले. शुक्रवारी रूळ टाकला. इंजिन मध्यावर जाऊन चाकं जागच्या जागी फिरवू लागलं. चार डबे, तीन डबे, दोन डबे. एका डब्याने ते अर्ध्याच्या वर गेलं आणि मग उलट घसरत बेलापुरात आलं. काका हजर होतेच.

"ही गाडी बेलापूरला थांबायची म्हणते. थांबू द्या."

शनिवारी मी रजा टाकली. चढ कुठे कमी करता येतो का ते पाहायला सगळ्या उंच्या पुन्हा मोजायला घेतल्या. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात वाकतं, त्यामुळे त्यावरून माप धरता येत नाही. म्हणून मी पहिल्या वर्षीच खिडकीच्या शहाबादी कठड्यावर मार्करने एक फुली मारली होती आणि शेजारी इंग्रजीत दोन अक्षरं लिहिली होती. सगळी मापं त्या फुलीपासून. सासरे नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसले होते. मी पट्टी लावायला वाकलो तर त्यांचं बोट कठड्यावर होतं. काळा चष्मा कपाळावर चढवला होता. सक्त मनाई होती, पण ते त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते. आधी उभी रेघ आणि दोन पोटं, मग दुसरं अक्षर.

"पाव्हणं, ह्ये काय लिवलंय?"

"बीएम, मामा."

"बीड मेन?"

मला हसू आलं. "बीड मेन कसलं? बेंचमार्क. उंची मोजायची खूण असते. खोलीतली प्रत्येक उंची इथून मोजतो."

"आमच्या दगडाव हीच अक्षरं हायती." ते बोट न उचलता म्हणाले. "गावातल्या एका शिकलेल्या माणसानं सांगितलं हुतं. बी म्हंजे बीड, यम म्हंजे मेन. बीडची मेन लाईन."

माझं हसू तोंडावरच राहिलं.

"मग रूळ ह्याच्यावरनं न्हाई जायाचा?"

"नाही." आणि मी स्टोअरमध्ये नव्या माणसाला समजावतो तसं समजावत गेलो. "खूण मुद्दाम बाजूला करतात. जिथून काही जायचं नाही, कुणी खणायचं नाही, अशी जागा बघून. नाहीतर कामातच उखडून जायची." वाक्य पूर्ण झालं आणि मी काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

त्या दीड एकरात काहीही येणार नव्हतं, म्हणूनच दगड तिथे पुरला होता. ज्यांनी पुरला ते पाटाच्या कामाचे होते की रस्त्याच्या, देव जाणे. वहीत "मामांना सांगणे (नीट)" असं होतं. सांगून झालं होतं. नीट हा शब्द मी नंतर खोडला.

बायको खाली स्वयंपाकघरात होती. सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"थेंबाची येळ झाली का?"

वीस मिनिटं कमी होती. मी थेंब घातले. नंतर बराच वेळ त्यांनी डोळे मिटून ठेवले. मग म्हणाले, "विहीर खोदली असती तर तिथं वीस फुटाव पानी हुतं." थोड्या वेळाने, "पोराला बोलू नगा. तिलाबी नगा. इचारलं तर म्हनायचं, जावयानं अट पुरी केली म्हनून हो म्हनलं."

"पण मामा, गाडी चढत नाही."

"ती तुमी बघा. आमी शब्द दिलाय."

आता रविवार, म्हणजे वरची नोंद.

पावणेदहाला मेहुण्याचा फोन जोडला. मागे पोकलेनचं इंजिन घुरघुरत होतं आणि चार-पाच माणसांचं बोलणं. गावाने मजा म्हणून हजेरी लावली होती.

"दाजी, मशीनवाला विचारतोय, थांबू का जाऊ."

"थांबव त्याला," बायको म्हणाली. "गाडी सुटतेय."

नगरहून गाडी सोडली. एक इंजिन, दोन डबे. बेलापूरला काकांनी स्वतः हिरवा रुमाल हलवला. चढाला लागली, निम्म्यावर गेली आणि चाकं फिरायला लागली. मी कंट्रोलरचं बटण पूर्ण फिरवलं. इंजिनातून जळका वास आला.

"काय झालं?" फोनमधून.

"चढ आहे," मी म्हणालो.

"बालाघाट हाय त्यो, दाजी. आमच्या एसटीचीबी हीच बोंब आसती." मागे लोक हसले.

"एक डबा सोडा," काका म्हणाले.

एक डबा सोडला. गाडी दोन विती पुढे गेली आणि थांबली. तिथून मागे सरकू लागली. मी बायकोकडे बघितलं, बायकोने शिवणयंत्राकडे बघितलं आणि ते अजिबात हलणार नाही अशा चेहऱ्याने परत माझ्याकडे.

सासरे खुर्चीतून उठले. वाकायची मनाई होती, पण रूळ कमरेच्या उंचीवर आहे, वाकावं लागत नाही. त्यांनी उजव्या हाताचं एक बोट शेवटच्या डब्याला लावलं. त्या बोटाला ज्वारी काढून काढून पडलेला घट्टा आहे, डब्याच्या दरवाज्यापेक्षा मोठा. त्यांनी ढकललं. इंजिन पुढे चाकं फिरवत होतं, मागून बोट. गाडी चढ चढायला लागली.

"हे नियमात बसतं का?" काकांनी हळूच मला विचारलं.

"घाटात मागून दुसरं इंजिन लावतात. बसतं."

गाडी पेटाऱ्यावर पोचली. खर्ड्याची पाटी अजून रंगवायची होती, म्हणून मी खडूने पुठ्ठ्यावर लिहून ठेवली होती. सासऱ्यांनी बोट काढलं, पाटी वाचली. मग फोनकडे तोंड करून म्हणाले, "पोचली. लाव मशीन."

पलीकडे आरडाओरडा झाला. मेहुण्याने विचारलं, "आबा, दगड काढून ठेवू का?"

सासरे माझ्याकडे बघत होते की खिडकीकडे, काळ्या चष्म्यामुळे कळलं नाही.

"दगड ऱ्हाऊ दे. चार फूट सोडून खोद. सरकारी हाय त्यो."

त्याच संध्याकाळी मेहुण्याने पहिल्या खड्ड्याचा फोटो पाठवला. नात्यात माझी कीर्ती झाली. त्रेचाळीस वर्षं ज्याला कोणी हलवू शकलं नाही त्याला जावयाने एका आठवड्यात हलवलं. पुढच्या दोन लग्नांत दोन जणांनी आपापले हट्टी म्हातारे माझ्याकडे आठवडाभर पाठवायची तयारी दाखवली. एकाने विचारलं, मी नेमकं काय बोलतो. मी सांगितलं की मी काहीच बोलत नाही, उंची मोजतो. त्याला ते फार खोल वाटलं.

पावसाळ्यात तळं भरलं. बाग टिकली. मेहुण्याला खरं काय ते मी सांगितलं नाही, बायकोलाही नाही. हे लिहायच्या आधी मी सासऱ्यांना फोन करून परवानगी मागितली. ते म्हणाले, "लिवा. ह्या घरात वाचतंय कोन." बायको वाचते, हे त्यांना आठवलं नसावं, किंवा आठवलं असावं.

त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता ठरलंय. पुढच्या महिन्यात येतील आणि पहिल्या दिवशी माडीवर चढतील. दर फोनला विचारतात, "आमची गाडी आता आपली आपण येती का?" आणि मी सांगतो, "काम प्रगतिपथावर आहे, मामा." हे वाक्य मी कुठून उचललं ते मला माहीत आहे आणि त्यांनाही.

वस्तुस्थिती अशी: चढ पंधराला एकच आहे. इंजिनाच्या चाकांवर रबरी कडी बसवून पाहिली, वजन म्हणून आत शिशाचा तुकडा ठेवून पाहिला, गाडी निम्म्याच्या वर तीन विती जाते. दहा फुटांचा रूळ आणून ठेवला आहे, कोपऱ्यात उभा आहे. ठोकळे कापून क्रमांक घातले आहेत. टप्पा तीनमधल्या अकरा बाबींपैकी दहांवर खूण झाली. अकरावी, शिवणयंत्र हलवणे, अजून तशीच आहे. काल पुन्हा विषय काढला. बायको म्हणाली, आधी हातातले ब्लाऊज होऊ देत.